म्हाताऱ्याची चार मिनिटं

आमच्याकडे हिवाळा थंडीवरून ओळखत नाहीत, फुटबॉलवरून ओळखतात. डिसेंबरात पेठेच्या तोंडाशी पहिला झेंडा चढतो, तालमीच्या, म्हणजे पेठेच्या फुटबॉल संघाच्या, कट्ट्यावर हलगी तापवायला शेणीचा जाळ होतो, चहाच्या गाड्यावर ह्या वर्षी कोणता परदेशी खेळाडू आणलाय यावरून कप आपटले जातात. शिरोलीकडे जाताना पुलावर धुकं असतं, पुढे उसाच्या ट्रॉल्या असतात, वाऱ्याला गुऱ्हाळाचा गोड धूर असतो आणि एमआयडीसीचं वळण आलं की तो धूर संपून जळक्या वाळूचा वास सुरू होतो. तो फौंड्रीचा, लोखंड ओतायच्या कारखान्याचा वास. मी तिथे स्टोअर सांभाळते. पंचवीस वर्षं झाली. नट कुठल्या खणात आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं.

मला वह्या लागतात. घरची एक, कारखान्याची एक आणि तिसरी, जिच्याबद्दल हे लिहिते आहे. यादी केली की डोकं हलकं होतं. काम झालं की मी रेघ मारते, सरळ, पट्टीनं. रेघ मारायचा आनंद ज्याला कळत नाही त्याला माझ्याविषयी फार काही कळणार नाही.

हा हंगाम मला आवडत नाही. कोल्हापुरात राहून हे वाक्य लिहिणं म्हणजे तांबड्या रश्शाला नावं ठेवण्यासारखं आहे, पण लिहिते. ह्या वर्षी परवा झेंडा चढला, हलगी वाजली, आणि मला गेल्या वर्षीचा हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात मी एक जपानी सिनेमा पाहिला आणि त्याच हिवाळ्यात मी एका माणसाला फुटका गॉगल दिला. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत. पण त्याआधी माझ्या भावाची भिंत सांगायला हवी.

माझा धाकटा भाऊ दिलीप पेंटर आहे. भिंती, पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं. तालमीच्या आडव्या भिंतीवर तो दर हंगामाला सामन्यांचं वेळापत्रक रंगवायचा: निळी जमीन, पांढरी अक्षरं, प्रत्येक ओळीच्या शेवटी निकालासाठी एक रिकामा चौकोन. सामना झाला की शिडी लावून चौकोनात आकडे भरायचा. पोरं खाली उभी राहून ओरडायची, "दिलीपदा, आमचा गोल जरा मोठा काढा की!" तोही काढायचा. मी यादी कागदावर करते, तो भिंतीवर करायचा. आमच्या आईला वाटायचं दोघांनाही एकच खोड लागलीय.

गेल्या हिवाळ्याच्या सात हंगाम आधी एका दुपारी तो स्टेडियमच्या कठड्याजवळ खिशात खडू घेऊन उभा होता. समोरच्या पेठेशी सामना होता. पंचानं त्यांचा एक गोल नाकारला, मग शिव्या, मग बाटल्या, मग दगड. दिलीप कुणाला काही बोललेला नव्हता. तो फक्त निकाल लिहून घ्यायला आला होता. दगड डाव्या डोळ्यावर लागला. त्याला मिरजेला नेलं, महिनाभर ठेवलं, डोळा राहिला नाही.

भिंतीवरचा तो चौकोन रिकामाच राहिला. पुढच्या वर्षी तालमीनं फ्लेक्स लावला. आता दरवर्षी फ्लेक्सच असतो.

एक डोळा गेला की माणसाला निम्मं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. दिसतं सगळं, पण अंतर कळत नाही. ब्रश भिंतीला टेकलाय असं वाटतं तेव्हा तो बोटभर अलीकडे असतो. किटलीतला चहा कपाच्या शेजारी पडतो. जिना उतरताना शेवटची पायरी दोनदा येते. काड्यापेटीतली काडी पेटवून ती वातीच्या बाजूला धरायची आणि वात का पेटत नाही म्हणून बघत राहायचं. हे सगळं मी पाहिलेलं आहे. पहिल्या वर्षी तो किटली घेऊन तासन्‌तास सराव करायचा, नुसतं पाणी ओतायचा. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची, 'टिक' असा आवाज आला की मग ओतायचं. ही युक्ती त्याची त्यानं शोधली. आमच्या घरात चहा अजून त्या आवाजानं सुरू होतो.

दगड कुणी मारला ते आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. समोरच्या पेठेतला सुशांत. सोळा वर्षांचा. तीन-चार पोरांची टोळी होती. मोबाइलवर तलवारी घेऊन फोटो टाकायचे, केक कोयत्यानं कापायचे, एकमेकांना भाई म्हणायचे. आडनाव इथे लिहीत नाही. वहीत आहे.

आणि मग आमच्याकडे जे होतं ते झालं: बैठक. दोन्ही पेठांतली जाणती माणसं तालमीत सतरंजीवर बसली. पोलिसांत जायचं नाही, पोराचं आयुष्य खराब होईल, दोन पेठांत वैर नको, हंगाम बंद पडेल. शेवटचं कारण सगळ्यांत हळू आवाजात सांगितलं गेलं, पण सगळ्यांनी मान त्याच कारणाला डोलवली. सुशांत बैठकीला नव्हताच. त्याला मलकापूरला मावशीकडे पाठवून दिलं होतं. त्याच्या वतीनं त्याचे वडील महादेव आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

मिटवलं. आणि मिटलं म्हणून दिलीपचा सत्कार करायचा ठरला.

हे मी शपथेवर सांगते. ज्याचा डोळा गेला त्याला फेटा बांधला. डोक्याला पट्टी होती, पट्टीवर फेटा बसेना. फेटेवाल्यानं तीनदा सोडला, तीनदा बांधला. कुणीतरी म्हणालं, "जरा उजवीकडं कलता बांध की रं, पट्टी झाकंल." पट्टी झाकली. नारळ दिला. टाळ्या वाजल्या. फोटो काढला. मी दाराशी उभी होते. बायकांनी बैठकीत बसायचं नसतं, फक्त चहा आत द्यायचा असतो. मी चहा दिला नाही. दहा कप थंड झाले.

तो फोटो मी मागून घेतला. सगळ्यांना वाटलं, बहिणीला कौतुक. घरी जाऊन भिंग लावून मी त्यातली माणसं मोजली. दिलीपला सोडून अकरा. तिसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर अकरा नावं लिहिली. अकरा, म्हणजे पूर्ण संघ. खाली जागा सोडून बारावं लिहिलं: सुशांत. राखीव.

त्यानंतरच्या सात वर्षांत मी दहा नावांवर रेघ मारली. कुणाच्या जिवावर उठले नाही, माझ्या पद्धतीनं मारली. तालमीचे अध्यक्ष आप्पा मुलीच्या लग्नाचं निमंत्रण घेऊन स्वतः घरी आले. पत्रिका मी त्यांच्यासमोर गरम पातेल्याखाली ठेवली. आप्पा पत्रिकेकडे बघत चहा प्यायले आणि गेले. रेघ. बैठकीत "एका डोळ्यानं बी जग दिसतंय की" म्हणणारे तात्या निवडणुकीला उभे राहिले, हात जोडून दारात आले. मागे दहा-बारा कार्यकर्ते. मी म्हटलं, "मत देते की. आधी एक डोळा झाका आणि ह्या किटलीतला चहा ह्या कपात ओता."

"हे काय ताई, चेष्टा करताय व्हय?"

"ओता की तात्या. एका डोळ्यानं जग दिसतंय, कप दिसंना व्हय?"

कार्यकर्ते हसले, म्हणून तात्यांना ओतावा लागला. पांढऱ्या पँटवर पडला. गरम होता. रेघ. ती रेघ मारताना पट्टी लागली नाही, हात आपोआप सरळ गेला.

एकाच्या दुकानातून सात वर्षं हळदसुद्धा आणली नाही आणि गल्लीतल्या आणखी नऊ घरांना आणू दिली नाही. एकाच्या आईच्या दहाव्याला गेले आणि तिथे त्याच्याशीच बोलले नाही. लोक म्हणतात मी मनात ठेवते. मनात ठेवत नाही. मनात ठेवलेलं विसरतं. वहीत ठेवते.

महादेववर रेघ मारली नव्हती. फोटोत तो एकटाच कॅमेऱ्याकडे बघत नाही, सतरंजीकडे बघतोय. त्याचं काय करायचं हे मला ठरवता येत नव्हतं, आणि मग तो वारला. आजारानं. त्याच्या नावासमोर मी काहीच केलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर रेघ मारली तर ती माझी ठरत नाही.

आणि बारावा तर मी कधी पाहिलाच नव्हता.

तर गेल्या हिवाळ्यातला जानेवारी. लेबर कॉन्ट्रॅक्टरनं नव्या माणसांची यादी गेटपाससाठी पाठवली. सुरक्षेची साधनं माझ्या स्टोअरमधून जातात, म्हणून यादीवर माझी सही लागते. नऊ नावं. सहावं: सुशांत महादेव, वय तेवीस, ग्राइंडर, कास्टिंग घासण्याच्या शेडसाठी. पत्ता समोरच्या पेठेचा.

मी पेन खाली ठेवलं. मग उचललं. एक फुली पुरली असती. 'पूर्वीची चौकशी करावी' एवढं लिहिलं असतं तरी कॉन्ट्रॅक्टरनं दुसरा माणूस पाठवला असता. शिरोलीत हातांना तोटा नाही. पण फुली म्हणजे त्यानं पुन्हा कुठेतरी निघून जायचं, मलकापूरला, मावशीकडे. सात वर्षांपूर्वी तो असाच गेला होता. मी सही केली. मला तो समोर हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझ्या खिडकीशी एक किडकिडीत माणूस आला. मी सात वर्षं जो चेहरा मनात घडवला होता त्यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. दाढी नीट केलेली. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. उजव्या मनगटावर पुसट होत चाललेलं गोंदण.

"गॉगल द्या, मॅडम. आणि हातमोजं."

मी दिले. त्यानं रजिस्टरात सही केली. शाळकरी, गोल अक्षर.

त्याच आठवड्यात दिलीप म्हणाला, "आक्का, रविवारी सकाळी पिक्चरला चल. जपानी हाय. चांगला हाय म्हणत्यात."

दिलीपला सिनेमाचं वेड डोळा गेल्यावर लागलं. आमच्या गावात सिनेमावेड्यांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एकदा जगभरातलं काहीतरी दाखवतात. हा पहिल्या रांगेत बसतो. मी एकदा विचारलं होतं, का रे, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाला, "पडदा सपाट असतोय, आक्का. तिथं दोन डोळं असलेल्याला बी अंतर कळत न्हाय. तिथं मी आन् तू सारखं." त्यानंतर मी कधी नको म्हटलं नाही.

सिनेमा काळा होता. माणसं काळोखात, रस्ते ओले, बंदराचं शहर, क्रेनच्या सावल्या. तीन पोरं आणि एक पोरगी. शाळा सोडलेली, घरी कुणी विचारत नाही. सायकलवरून फिरतात, मशीन फोडून थंड पेयाचे डबे काढतात, हसतात. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात शिरतात, चेष्टेचेष्टेत त्याला ढकलतात, तो पायऱ्यांवरून पडतो आणि मरतो. हे सगळं पहिल्या वीस मिनिटांत. मग उरलेला सगळा सिनेमा पोरांचा. ढकलणारा पोरगा नळाखाली बूट धुतो. पाव खातो. समुद्राकडे बघतो. त्याची आई दारू पिते, बाप नाही, पोरगी त्याला सोडून जाते, तो पुलाखाली बसून रडतो. कॅमेरा त्याच्या मानेच्या मागे मागे, जणू त्याला ऊन लागू नये म्हणून छत्री धरलीय.

मी घड्याळ बघत होते. सवय. म्हातारा पडद्यावर सगळा मिळून चार मिनिटं होता. आणि म्हाताऱ्याची मुलगी आली ती जेमतेम पाऊण मिनिट. मध्यमवयीन बाई, हातात कापडी पिशवी. दुकानाच्या दारात उभी राहते, पायरीवर पडलेला बापाचा चष्मा उचलते, काच पदरानं पुसावी तशी कोटाच्या टोकानं पुसते, पिशवीत ठेवते, जाते. पुन्हा दिसत नाही. मी शेवटपर्यंत वाट बघितली. प्रत्येक वेळी दार उघडलं की मला वाटायचं, आली. पोरगाच यायचा.

सिनेमा संपल्यावर चर्चा होती. चर्चा घेणारा तरुण मुलगा चांगलं बोलत होता: शहर, एकटेपणा, पोरांना समजून घेणं. मी हात वर केला. दिलीपनं माझा पदर ओढला. मी उभी राहिले.

"म्हाताऱ्याला चार मिनिटं दिलीत," मी म्हटलं. "मोजलीत मी. त्याच्या मुलीला पाऊण. ती पुढे काय करते?"

थोडे हसले. तो मुलगा मात्र हसला नाही. म्हणाला, "मॅडम, चित्रपट गुन्हेगाराची बाजू घेत नाही. तो फक्त त्याच्याकडे बघतो."

"तेच म्हणते मी. बघायला दोन तास होते. कुणाकडे बघितलं?"

"मुलीची गोष्ट वेगळा चित्रपट होईल."

"मग तो काढा," म्हटलं, आणि बसले.

बाहेर ऊन होतं. दिलीप रस्ता ओलांडताना नेहमीसारखा माझ्या कोपराला धरून चालला. म्हणाला, "तू पिक्चर बघतच न्हवतीस. घड्याळ बघत हुतीस."

"तुला आवडलं ते पोरगं?"

"आवडायचं काय. पण त्यानं म्हाताऱ्याकडं वळून बघितलं न्हाय, पळाला. आमच्या पोरानं बघितलंतं."

मी थांबले. "तू पाहिलंस त्याला? सुशांतला?"

"व्हय की. दगड सुटला तवा त्याचं तोंड माझ्याकडंच हुतं. पळायचं सोडून हुबा ऱ्हायला. ह्या डोळ्यानं बघितलेलं शेवटचं तेच."

सात वर्षांत त्यानं हे मला सांगितलं नव्हतं. आणि तो माझ्या कारखान्यात आहे, रोज माझ्या खिडकीशी येतो, हे मी त्याला सांगितलं नाही. आम्ही दोघांनी रस्ता ओलांडला.

दिलीपच्या त्या वाक्यानं माझा राग निवायला हवा होता असं कुणाला वाटेल. उलट झालं. उभा राहिला, बघितलं, म्हणजे त्याला माहीत होतं त्यानं काय केलं. माहीत असून मावशीकडे गेला. तिथल्या भाताच्या खाचरांत, डोंगराच्या थंड हवेत दोन हंगाम काढले. इकडे दिलीप रिकाम्या कपात पाणी ओतत होता.

स्टोअरमध्ये माझ्या खुर्चीमागे भंगाराचं खोकं असतं. फाटके हातमोजे, तुटके बेल्ट, चिरा गेलेले गॉगल. महिन्याच्या शेवटी मोजून, मोडून टाकतो. गुरुवारी सकाळी आठला सुशांत आला. "गॉगल द्या, मॅडम." माझा हात समोरच्या कपाटाकडे जायच्या ऐवजी मागे गेला. डाव्या काचेला आरपार चीर असलेला, पट्टा सैल झालेला गॉगल मी काउंटरवर ठेवला. त्यानं उचलला. क्षणभर हातात धरला. घातला. सही केली. गेला.

मी रजिस्टर बंद केलं आणि हातमोजे मोजायला घेतले. शेडमधून ग्राइंडर सुरू झाल्याचा आवाज आला. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगते: लोखंडाच्या ओतीव तुकड्यावर चाक टेकतं तेव्हा ठिणग्यांचा पिसारा उडतो आणि त्यात चाकाचे, वाळूचे, लोखंडाचे कण असतात, आणि ते माणसाच्या तोंडाच्या दिशेनं येतात. म्हणून गॉगल. म्हणून मी.

पहिल्यांदा मोजले, चौऱ्याऐंशी. पुन्हा मोजले, एक्याऐंशी. तिसऱ्यांदा, शहाऐंशी. पंचवीस वर्षांत असं झालेलं नाही. ग्राइंडर थांबायचा, मग मला ऐकू यायचं की तो थांबलाय. पुन्हा सुरू व्हायचा. प्रत्येक थांबण्यात मी किंकाळीची वाट बघत होते. भीतीनं बघत होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. निम्मी भीती होती. उरलेली निम्मी काय होती ते मला माहीत आहे.

आणि मी घड्याळाकडे बघितलं. आठ वाजून एकोणीस. सवयीनं मोजत होते मी. एकोणीस मिनिटं. रविवारी अंधारात म्हाताऱ्याची मोजली तशीच, त्याच घड्याळावर, ह्याची.

कपाटातून नवा गॉगल घेतला आणि शेडकडे निघाले. चालत नाही, पळत. चालू ग्राइंडरवरच्या माणसाला मागून हात लावायचा नसतो, तो दचकला की चाक हातात जातं. हे मी नव्या पोरांना शिकवते. म्हणून मी सरळ भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. सगळी शेड गप्प झाली.

"कोन हाय रं त्यो!" मुकादम नामदेव ओरडला. मग मी दिसले. "मॅडम? काय झालं?"

"गॉगल बदलायचाय ह्याचा."

"त्यासाठी लाईन पाडलीसा व्हय?"

मी नामदेवला ओलांडून पुढे गेले. सुशांतच्या समोर जाऊन त्याच्या तोंडावरचा गॉगल काढला. काचेवर काळी धूळ बसली होती, चिरेत जास्त. डोळे लाल, पण दोन्ही होते. दोन्ही माझ्याकडे बघत होते.

"चीर दिसली नाही तुला?"

"दिसली की."

"मग घातलास कशाला?"

तो खाली बघेल असं मला वाटलं, त्याच्या बापासारखा. नाही बघितलं. हळू बोलला, नामदेवला ऐकू जाणार नाही एवढं. "तुम्ही दिलासा म्हणून. दिलीपदांच्या भणीनं दिला म्हणून."

त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोल्हापुरात कोण कुणाची बहीण हे कळायला गेटपास लागत नाही.

मला तेव्हा जो राग आला तसा फेट्याच्या दिवशीसुद्धा आला नव्हता. हा माणूस एका फुटक्या गॉगलवर सगळं मिटवायला निघाला होता. बैठकच ही, फक्त सतरंजी नाही. तो डोळा देणार, मी घेणार, आणि मग काय? दोघं मोकळे. मला पुन्हा कुणीतरी फेटा बांधणार. सात वर्षं मी वहीत जपलेलं नाव त्यानं एकोणीस मिनिटांत स्वतःच्या हातानं खोडायचं ठरवलं होतं.

"ऐक," मी म्हटलं. "तुला इतक्या स्वस्तात सोडणार नाही मी. कळलं? ह्या शेडमध्ये तुझ्या डोळ्याला खरचटलं तरी मी तुला सोडणार नाही."

"व्हय, मॅडम."

"उद्या आठला ये."

मी स्विच वर केला.

परत येऊन जबाब लिहिला: चिरलेला गॉगल माझ्या हातून गेला, चूक माझी. सही केली आणि वरच्या साहेबांकडे पाठवला. त्यांनी बोलावून विचारलं, तुमच्या हातून? म्हटलं, हो, माझ्या हातून. ह्यापेक्षा जास्त त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ताकीद मिळाली. पंचवीस वर्षांतली पहिली. ती तिसऱ्या वहीत आहे, माझ्या नावासमोर. माझं नावही आता त्या यादीत आहे, तेरावं. भंगाराच्या खोक्याला त्याच दिवशी कुलूप लावलं आणि चिरलेले गॉगल महिन्याऐवजी रोज मोडायला लावले.

पुढच्या रविवारी दिलीपला सगळं सांगितलं. तो चहा करत होता. 'टिक' आवाज आला, मग धार. एक थेंब बाहेर नाही.

"मग आता?" त्यानं विचारलं.

"आता रोज आठला येतो."

"आन् तू काय करतीस?"

"गॉगल देते."

तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यापेक्षा केस झाली असती तर बरं, आक्का. कवाच सुटून घरी आला असता." हसताना त्याच्या एकाच डोळ्यात पाणी येतं. "त्याला सांग, गोल चांगला हुता. पंचाचं चुकलंतं."

हे मी सांगितलेलं नाही. दिलीपनं माफ केलं असेल तर ती त्याची वही. तो भिंतीवरच्या याद्या रंगवायचा, त्या पुढच्या हंगामाला पुसल्या जायच्या. माझ्या पुसत नाहीत.

त्या जपानी बाईची मात्र आठवण येते. बापाचा चष्मा पुसून पिशवीत ठेवला, आणि मग? सिनेमावाल्यांना वेळ नव्हता. मला आहे. मला वाटतं तिनं घरी जाऊन वही उघडली असणार. मला वाटतं एक दिवस पुलाखाली रडणाऱ्या त्या पोराच्या समोर ती जाऊन उभी राहिली असणार आणि म्हणाली असणार, रडून झालं असेल तर इकडे बघ.

आज सकाळी पुलावर धुकं होतं. समोरच्या पेठेचा झेंडाही चढलाय, येताना बघितला. आठला सुशांत खिडकीशी आला. आता तो कायम झालाय, त्याच्या सहीचं अक्षर सुधारलंय. गॉगल देताना मी आता एक नियम केलाय. नियम सगळ्यांसाठी आहे, लेखी आहे, साहेबांनी मंजूर केलाय: काच तपासल्याशिवाय सही नाही. गॉगल घालायचा, एकेक डोळा झाकायचा, समोर काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. बाकीचे भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात, घड्याळात किती वाजले ते सांगतात, कुणी पंख्याची पाती मोजतो. सुशांत आला की मी खुर्चीतून उठते आणि खिडकीच्या मधोमध उभी राहते.

"उजवा झाक."

तो झाकतो.

"काय दिसतंय?"

"तुम्ही, मॅडम."

"आता डावा झाक. नीट झाक, बोटांतून बघायचं नाही. काय दिसतंय?"

ह्या वेळी त्याला थोडा वेळ लागतो. रोज लागतो. दिलीपला जसं दिसतं तसं त्याला आता दिसत असतं. मी काउंटरच्या ह्या बाजूला नक्की किती अंतरावर आहे ते त्याला कळत नाही.

"तुम्हीच," तो म्हणतो.

मग मी रजिस्टर पुढे सरकवते.